पोट भरले, पण ताटात काय होते?

बाळ जन्मले की पहिला प्रश्न ठरलेला, मुलगा की मुलगी? दुसरा, रंग कोणावर गेला? वजन किती भरले, हे मात्र फार थोड्या घरांत विचारले जाते. सिस्टर तो आकडा कार्डावर लिहितात आणि कार्ड पिशवीत जाते. आम्हाला विचाराल तर तो आकडा सगळ्यांत आधी वाचायला हवा. जन्मताना अडीच किलोच्या आत भरलेले बाळ कमी वजनाचे धरतात. असे बाळ लवकर गार पडते, अंगावर पिताना दमते, साध्या सर्दी-जुलाबानेही हातघाईवर येते. पुढे वाढीतही ते मागे राहू शकते.

आकडा कमी निघाला की सगळ्यांची बोटे आईकडे वळतात. ‘हिने नीट खाल्लंच नाही.’ ‘हिचीच हाडं बारीक, मग बाळ कुठून धडधाकट होणार?’ गंजमाळ असो, मल्हारखाण असो की फुलेनगर, नाशिकच्या वस्त्यांतून फिरताना ही वाक्ये आमच्या कानांवर सारखी पडतात. भगिनींनो, आज आपण तिच्या हाडांचा हिशेब बाजूला ठेवू आणि तिच्या ताटात डोकावू.

आपल्याकडे गरोदर बाईला एक सल्ला हमखास मिळतो, ‘दोन जिवांची आहेस, पोटभर खा.’ सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. भात आणि पातळ आमटीने पोट भरते. चपाती-बटाट्याने भरते. चहात बुडवलेल्या खारी-टोस्टनेही तेवढ्यापुरते भरते. पण बाळाचे रक्त, मांस आणि हाड नुसत्या भाताचपातीतून घडत नाही. त्यासाठी पानात आणखी काय लागते, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच गरीब बायकांनी जगाला दाखवून दिले आहे. कसे ते पाहू.

सहा गावांतल्या आया

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास सुरू केला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक त्यात सोबत होते. गावातल्या लग्न झालेल्या बायकांचे वजन-उंची दिवस राहण्याआधीच मोजून ठेवले. मग ज्यांना दिवस राहिले त्यांना १८व्या आणि २८व्या आठवड्याला गाठून, त्या काय खातात, किती खातात, किती कष्ट करतात, हे बारकाईने नोंदवले. रक्त तपासले. बाळ झाले की त्याचीही मापे घेतली.

या जवळपास ८०० आया तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या. शेतात राबणाऱ्या. सरासरी वजन ४२ किलो, उंची पाच फुटांच्या आसपास. दिवसाचे खाणे साधारण १,७०० ते १,८०० कॅलरीचे आणि प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गरोदर बाईला लागते त्यापेक्षा बरेच कमी. त्यांची दिवस पूर्ण भरून जन्मलेली बाळे सरासरी २ किलो ६६५ ग्रॅमची होती.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. अभ्यास करणाऱ्यांनी पाहिले की आईच्या खाण्यातल्या एकूण कॅलरी किंवा प्रथिने आणि बाळाचा आकार यांचा मेळ काही लागत नाही. दोन भाकरी जास्त खाल्ल्या म्हणून बाळ मोठे, असे दिसले नाही. मेळ लागला तो तीन गोष्टींशी. १८व्या आठवड्याच्या सुमारास जी आई दूध घेत होती आणि २८व्या आठवड्याच्या सुमारास जी पालेभाजी आणि फळे वरचेवर खात होती, तिचे बाळ जन्मताना मोठे होते. आईची अंगकाठी, घरची परिस्थिती हे सगळे हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. रक्तातले फोलेट, म्हणजे पालेभाजीत भरपूर असलेले जीवनसत्त्व, ज्या आईत जास्त होते, तिच्याही बाळाचे वजन जास्त भरले.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. पुण्याच्या या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिकडची बाळे सरासरी साडेतीन किलोची, आपली २ किलो ७०० ग्रॅमची. पण आपल्या बाळांत सगळेच सारखे कमी नव्हते. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचे. अशा शरीराला पुढे मधुमेह लवकर गाठू शकतो, असे डॉ. याज्ञिक सांगत आले आहेत. वस्तीत चाळिशीच्या आतच ‘शुगर’ निघालेली माणसे आपण पाहतो. त्याला इतरही कारणे आहेत, पण त्याची एक मुळी आईच्या पोटापर्यंत जाते.

पाला, दूध, फळ पोटात जाऊन काय करतात

बाळ पोटात वाढते ते पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत. प्रत्येक नवी पेशी घडवायला फोलेट लागते. बाळाला अन्न पोचवणारी वार सुरुवातीच्या महिन्यांत घडते आणि तिलाही हेच लागते. वार चांगली रुजली तर पुढच्या महिन्यांत आईचे अन्न बाळापर्यंत नीट पोचते. पालेभाजीत फोलेटबरोबर लोह आहे, अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल आहे. फळात क जीवनसत्त्व आहे, ते जेवणातले लोह अंगी लागायला मदत करते. दुधात प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ आहे.

हे बी-१२ जरा नीट समजून घ्या. फोलेट आणि बी-१२ ही बैलजोडी आहे, एक एकटा ओढू लागला की गाडी वाकडी जाते. पुण्याच्या त्या आयांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघाले. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी खूण जास्त दिसली. बी-१२ भाजीपाल्यात नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणात असते.

म्हणून आम्ही वस्तीत आवर्जून सांगतो, आपल्या घरच्या ताटाची लाज बाळगू नका. कोणी तरी सांगते, ‘पोटुशी आहेस, आता अंडी-मच्छी सोड, सात्त्विक खा.’ सोडू नका. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरीब घराला परवडणारे एक मांस ताटातून गेले. ते जे गेले त्याची भरपाई कुठून तरी करावीच लागेल. अंडे, सुकट, जवळा, बोंबील, कोंबडी, जे परवडेल ते आठवड्यातून तीन-चार वेळा गरोदर बाईच्या वाट्याला यायला हवे.

मुंबईच्या वस्त्यांत केलेली परीक्षा

कोणी म्हणेल, सहा गावांत पालेभाजी खाणारीचे बाळ मोठे झाले हे खरे, पण ते भाजीमुळेच कशावरून? शंका रास्त आहे. ती तपासायला मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात ‘सरस’ नावाचा प्रकल्प झाला. डॉ. रमेश पोतदार, डॉ. सिराझुल अमीना सहारिया आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल हे त्यातले प्रमुख संशोधक. साडेसहा हजार बायकांनी भाग घेतला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला वडा-समोशासारखा पदार्थ, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या कमी सत्त्वाच्या जिनसांचा तसाच पदार्थ. पदार्थ घरी न्यायचा नाही, केंद्रावर येऊन तिथेच खायचा. आणि हे सगळे दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू.

निकाल जसा आला तसा सांगतो, कारण तुमच्यापासून काही लपवून उपयोग नाही. सगळ्या बायका मिळून पाहिल्या तर बाळाच्या वजनात जवळपास २६ ग्रॅमचाच फरक पडला आणि तो ठाम म्हणण्याइतका नव्हता. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो पदार्थ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. त्यातही आधीपासून अंगाने बऱ्या असलेल्या बायकांच्या बाळांत ९६ ग्रॅमपर्यंत फरक दिसला. जिचे वजन उंचीच्या मानाने फारच कमी होते, तिच्या बाळाला मात्र वजनाचा फायदा झाला नाही. दुसरा लाभ वेगळाच निघाला. पालेभाजीचा पदार्थ खाणाऱ्या गटात गरोदरपणातला मधुमेह १०० पैकी सुमारे ७ जणींना झाला, दुसऱ्या गटात १२ जणींना.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, सातव्या महिन्यात ओटी भरताना पाच फळे मांडली म्हणून गेलेले महिने परत येत नाहीत. ताट सुधारायचे ते दिवस राहायच्या आधी, लग्न ठरल्यापासून, खरे तर मुलगी न्हाणीला आल्यापासून. दुसरी, अगदी वाळलेल्या बाईला नुसती भाजी पुरत नाही. तिचे अंगच उपाशी असते. आलेले सत्त्व आधी तिचे शरीर स्वतःकडे ओढत असावे, असे मानायला जागा आहे.

बारीक बाईला शेंगदाणा

मग अशा बाईसाठी काय? याचे एक उत्तर आफ्रिकेतल्या गाम्बिया या गरीब देशातून आले. १९९७ साली तिथल्या खेड्यांचा निकाल छापून आला. गरोदर बायकांना साधारण पाचव्या महिन्यापासून रोज शेंगदाणे, तांदळाचे पीठ, साखर आणि शेंगदाणा तेल यांची बिस्किटे दिली. बाळांचे वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढले. धान्य संपत येते आणि शेतीची कामे ऐन भरात असतात, अशा उपासमारीच्या दिवसांत जन्मलेल्या बाळांत तर २०१ ग्रॅमने वाढले.

शेंगदाणे, गूळ, तांदूळ, तेल. यातले आपल्या घरात काय नाही? म्हणजे बारीक बाईला दोन्ही हवे, पोटभर ताकदीचे अन्न आणि त्यात पाला-फळ-दूध-अंडे. पुणे, मुंबई आणि गाम्बिया यांचे म्हणणे एकत्र वाचले की सल्ला पूर्ण होतो. पोट भरा आणि पान रंगीत करा.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती घरांचा आहे ते पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांत रक्त कमी आढळले, आणि दर पाचांतली एक स्त्री उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली.

नाशिकमध्ये राहून पालेभाजी नाही?

आपला जिल्हा मुंबईला भाजी पुरवतो. पहाटे भाजीच्या गाड्या भरणारे हात आपल्याच वस्त्यांतले असतात, द्राक्षाच्या बागेत आणि पॅकिंगला जाणाऱ्या बायका आपल्याच. आणि त्यांच्याच घरी आठवड्यातून चार दिवस बटाटा शिजतो, कारण तो टिकतो, पुरतो आणि निवडायला वेळ लागत नाही. कारण खरे आहे, पण त्यातून वाट काढता येते.

बुधवारी गंगाघाटावरच्या आठवडे बाजारात संध्याकाळी उतरत्या भावात मेथी, शेपू, पालक, चुका, माठ, तांदुळजा मिळतो. दोन घरांनी मिळून जुड्या घ्या, एकीने निवडाव्या, दुसरीने आणाव्या. निवडलेली भाजी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली तर दुसऱ्या दिवशी चालते. शेवग्याचा पाला तर कित्येक ठिकाणी फुकट मिळतो. तो धुऊन सावलीत वाळवा, चुरून डब्यात भरा आणि रोज चमचा-दोन चमचे आमटीत, थालीपिठात, भाकरीच्या पिठात टाका. मुळ्याचा, बिटाचा, नवलकोलाचा पाला फेकू नका, तीही भाजीच आहे. भाजी आधी धुवा, मग चिरा. शिजवून वरचे पाणी ओतून देऊ नका, सत्त्व त्यातच जाते. वरून लिंबू पिळा.

रोजचा हिशेब लक्षात राहील असा सांगतो:

* दोन जेवणांत मिळून मोठी वाटीभर शिजलेली पालेभाजी.
* दोन वेळा घट्ट डाळ किंवा मोड आलेली मटकी, मूग, हरभरा. वरचे पाणी नव्हे, खालची डाळ.
* दोन पेले दूध, किंवा तितकेच दही-ताक. चहातले दूध यात धरू नका.
* एक अंडे. ज्या दिवशी ते नसेल त्या दिवशी मासे, सुकट किंवा मटण.
* एक फळ. पेरू, केळे, आवळा, बोरे, संत्रे, पिकलेली पपई, हंगामात जे स्वस्त असेल ते. सफरचंदच हवे असे काही नाही.
* मूठभर भाजलेले शेंगदाणे गुळाच्या खड्याबरोबर, नाही तर एक शेंगदाण्याचा लाडू.
* भाकरी बाजरीची, ज्वारीची किंवा नागलीची. नागलीत कॅल्शियम भरपूर असते.

तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा थोडे खाणे, अशी विभागणी ठेवा. शेवटच्या महिन्यांत पोट दाटते, एकदम जात नाही. थोडे थोडे जाते.

काही सावधगिरी. सुकट खारट असते, ती धुऊन घ्या, आणि ज्यांचे बीपी वाढलेले आहे त्यांनी टाळा. कलेजी पहिले तीन महिने नको, नंतरही आठवड्यातून एकदा थोडीच. ज्यांना गरोदरपणात शुगर निघाली आहे त्यांनी द्राक्षे, उसाचा रस, गूळ आणि गोड लाडू यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चहा जेवणाबरोबर घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. एक तासाचे अंतर ठेवा.

आणि ताट कितीही चांगले असले तरी दवाखान्यातल्या गोळ्या चालूच ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत फोलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, लोहाबरोबर नको. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळ झाली तर रात्री जेवणानंतर घ्या.

घरोघरचे समज

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, मग सिझर करावं लागेल.’ हे ऐकून कितीतरी मुली सातव्या महिन्यानंतर हात आखडता घेतात. बाळाची सगळ्यांत जास्त वाढ होते ती याच महिन्यांत. आपल्याकडे बाळे मोठी होण्याची भीती बाळगण्याआधी ती लहान होण्याची काळजी करायला हवी.

‘पालेभाजीनं बाळाला जुलाब होतात.’ होत नाहीत. धुतलेली, शिजलेली भाजी आईलाही बाधत नाही.

‘केळं थंड, दही थंड, अंडं उष्ण.’ मग बाईने खायचे काय? कच्ची पपई टाळा, एवढे पुरे. बाकी नेहमीचे घरचे अन्न खा.

‘गोळ्यांनी बाळ काळं होतं.’ रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. आणि काळ्या रंगात वाईट ते काय?

कामाचा आणि तंबाखूचा हिशेब

पुण्याच्या त्याच गावांत दिसले की ज्या आयांना गरोदरपणात जास्त अंगमेहनत होती, त्यांची बाळे लहान होती. खाल्लेले कष्टातच जळून गेले तर बाळाला काय उरणार? वस्तीत पाण्याचे हंडे, धुण्याच्या बादल्या, दोन घरची भांडी आणि वर आपले घर, हे सगळे नवव्या महिन्यापर्यंत चालते. निदान पाण्याचे हंडे दुसऱ्या कोणी तरी उचलावेत. दुपारी दोन तास आडवे व्हावे, डाव्या कुशीवर.

मिश्री आणि तंबाखू याविषयी स्पष्ट सांगतो. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मुंबईच्या वस्त्यांत रोज भाजी-दुधाचा पदार्थ देऊन जे वजन वाढले, त्याहून जास्त वजन एक मिश्रीची डबी खाऊन टाकते. ती डबी ताकावरून काढा. सासूबाईंनी स्वतः आधी सोडली तर सून ऐकते, हे आम्ही पाहिले आहे.

हे हक्काचे आहे

ताट सुधारा, असे सांगणे सोपे आहे. ताटाला पैसा लागतो आणि विश्रांतीला खाडे सोसावे लागतात. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारने घ्यावा आणि मालकानेही त्यातून सुटू नये. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज द्राक्षाच्या पॅकिंगला, धुण्याभांड्याला, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या बहिणीला पगारी रजा अजूनही मिळत नाही. तिच्यासाठी जे आहे ते तरी सोडू नका:

* अंगणवाडी: गरोदर आणि स्तनदा मातेसाठी रोजचे ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा पोषण आहार मंजूर आहे. दिवस राहिल्याचे कळताच अंगणवाडीताईंकडे नाव घाला. आणलेले पाकीट तिच्या नावाचे आहे, घरातल्या सगळ्यांत वाटायचे नाही.
* प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० रुपये. अनुसूचित जातीचा दाखला यात उपयोगी पडतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० रुपये लिहिलेले आहेत, पहिल्या वेळी मिळतात पाच. हा फरक आपल्या संघटनांनी मागितला पाहिजे.
* जननी सुरक्षा योजना: दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला शहरात सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ६०० रुपये.
* बांधकाम कामगार मंडळ: नवरा किंवा बायको नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना, साध्या बाळंतपणासाठी १५,००० आणि सिझरसाठी २०,००० रुपये. नाक्यावर उभे राहणाऱ्या कितीतरी भावांची नोंदणीच नाही. ती आधी करून घ्या.
* तपासणी: महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून गरोदर मातांची खास तपासणी असते.

आदिवासी भागात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिथे गरोदर बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण गरम जेवण मिळते, आणि ते तिथेच बसून खायचे असते. त्यामुळे तिचा घास तिच्याच पोटात जातो. शहरातल्या वस्तीतल्या बाईला अशी सोय नाही. ती मागायला हवी, आणि मिळेपर्यंत आपण करायला हवी.

शेवटी बसणारी

कारण या सगळ्याची गाठ एका जागी आहे. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते? आधी पुरुष, मग लेकरे, मग सासू. सुनेच्या वाट्याला भात असतो, आमटीचे पाणी असते, भाजी तळाला लागलेली असते. अंडी चार असली तर तिचे पाचवे. कोणी तिला मुद्दाम उपाशी ठेवत नाही, वाढण्याचा क्रमच तसा पडून गेलेला आहे. समतेच्या गोष्टी आपण विहारात ऐकतो, त्या घरी भाजीच्या पातेल्यापाशीही आल्या पाहिजेत.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. एक, गरोदर बाईचे ताट सगळ्यांच्या आधी वाढून बाजूला काढावे, भाजी-अंड्यासकट. दोन, तिचे कार्ड पिशवीतून काढून नवऱ्याने स्वतः वाचावे. नऊ महिन्यांत तिचे वजन साधारण ९ ते ११ किलोने, चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला दीड-दोन किलोने वाढायला हवे. ती आधीच बारीक असेल तर त्याहून जास्त. दोन महिने काटा हलला नाही तर लगेच दवाखाना गाठावा. तीन, घरात लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर तिच्याही ताटात आजपासून पालेभाजी, अंडे आणि शेंगदाणा असावा.

महिला मंडळांनाही एक विनंती. रविवारी विहारात वंदनेला जमतोच. त्या दिवशी वस्तीतल्या गरोदर आणि नवविवाहित मुलींना पुढे बसवून एक सकस जेवण तिथेच खाऊ घाला. पालेभाजी, घट्ट डाळ, भाकरी, अंडे, एक फळ. दहा घरांनी आळीपाळीने केले तर कोणावर भार पडत नाही.

आणि एवढे करूनही बाळ लहान जन्मले तर आईला दोष देऊ नका. खाणे हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरा, वरून पांघरूण घाला, पहिल्या तासातच अंगावर पाजा, चीक टाकू नका, मध-साखरपाणी देऊ नका. ते दूध ओढत नसेल, गार पडत असेल, सुस्त वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयात न्यायला सकाळची वाट पाहू नका. आणि घरी आल्यावर त्या आईचे ताट पुन्हा पहिल्यांदा वाढा. बाळाचे अन्न अजूनही तिच्याच पानातून जाणार आहे.